वाढलेल्या किमतीचा धनी कोण?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. ही दोन कार्ये माणसाच्या धीराची आणि गाठीच्या पैशाची कसोटी पाहतात, एवढाच त्या म्हणीचा अर्थ होता. आज या दोन कार्यांचे नाते अधिकच घट्ट झाले आहे. विवाहाच्या पूर्वतयारीसाठी धर्मग्रामात जी तरुण जोडपी येतात, त्यांना तारीख विचारली की अनेकदा उत्तर मिळते, "फादर, आधी जागेचं बघतोय." जागेचे बघण्यात एक वर्ष जाते, दोन जातात. मुलगा नोकरीत असतो, मुलगी कमावती असते, दोघांनाही व्यसन नाही, उधळेपणा नाही. तरीही त्यांच्या पगाराचा आणि घराच्या किमतीचा मेळ बसत नाही. पगार एक पायरी चढतो, तोवर किंमत दोन पायऱ्या चढून गेलेली असते.

त्याच धर्मग्रामात, कदाचित त्याच कुटुंबात, ही वाढती किंमत आनंदाची वार्ता म्हणूनही ऐकली जाते. वडिलांच्या नावे द्रोणागिरी नोडमध्ये छोटासा भूखंड असतो. त्याचा भाव वाढला की घरात समाधान पसरते. मुलाला मात्र उलव्यात दोन खोल्या घ्यावयाच्या असतात आणि तोच भाव त्याच्या उरावर बसतो. एकाच बातमीने बाप सुखावतो आणि मुलगा खचतो. मालक म्हणून आपण जिला आशीर्वाद देतो, तिलाच आईबाप म्हणून शाप देतो. अशा वेळी घरांच्या किमती का वाढतात हा प्रश्न केवळ अर्थशास्त्रज्ञांचा राहत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो, आणि म्हणूनच त्याचा विचार या पानांवर करणे अप्रस्तुत ठरू नये.

सर्वात सोपे उत्तर म्हणजे बिल्डरांची हाव. हे उत्तर देणाऱ्याला बरे वाटते, कारण त्यात दोष दुसऱ्याच्या पदरात पडतो. परंतु लोभ हे फार जुने पाप आहे. १९७० साली उरणमध्ये लोभी माणसे नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. मग तेव्हा जमीन कवडीमोलाने का जात होती? जे कारण सर्वकाळ सारखेच हजर होते, ते आजच्या वाढीचा उलगडा करू शकत नाही. लोभ संधीचा फायदा घेतो हे खरे. पण ही संधी निर्माण कोण करते, हे शोधावे लागेल.

वास्तविक पाहता घर ही जुनी होत जाणारी वस्तू आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने सळ्या गंजतात, स्लॅब गळू लागतो, नळ आणि चौकटी कुजतात. वीस वर्षे वापरलेली बैलगाडी नव्या गाडीच्या मोलाने कोणी घेत नाही. वीस वर्षे वापरलेली सदनिका मात्र मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकली जाते. जुनी झालेली वस्तू महाग कशी होते? याचे उत्तर असे की वस्तू महाग झालेलीच नाही. महाग झाली आहे ती तिच्याखालची जागा. सिमेंटचे पोते उरणला आणि परभणीला थोड्याफार फरकाने त्याच दराने मिळते. गवंड्याच्या मजुरीतही जमीन-अस्मानाचा फरक नसतो. दोन ठिकाणच्या घरांच्या किमतीत जी दरी दिसते, ती विटांची नसून मातीची असते.

जमीन महाग झाली म्हणून घर महाग झाले, असे आपण म्हणतो. इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो याने १८१७ साली हा क्रम उलटा आहे असे दाखवून दिले. तो धान्याविषयी बोलत होता. जमिनीचा खंड जास्त म्हणून धान्य महाग नसते, तर धान्य महाग विकले जाते म्हणून जमिनीचा खंड चढतो, असे त्याचे प्रतिपादन होते. घराचेही तसेच आहे. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या ठिकाणी सदनिका ६० लाखांस विकली जाते. बांधकामास २५ लाख लागले. व्याज, कर आणि बांधणाऱ्याचा नफा यांत १५ लाख गेले. उरलेले २० लाख ही जागेची किंमत. आता तेथे नवा रस्ता झाला आणि तीच सदनिका ७५ लाखांस विकली जाऊ लागली. बांधकामाचा खर्च तोच राहिला, इतर खर्च व नफा वाढून १८ लाख झाला. जागेसाठी ३२ लाख उरले. म्हणजे घराची किंमत चौथ्या हिश्शाने वाढली, तर जमिनीची शेकडा साठने! घराच्या किमतीत पडलेला प्रत्येक जादा रुपया बहुतांशी जमिनीच्या मालकाकडे वाहत जातो, तो असा.

मग प्रश्न उरतो की तो नवा रस्ता कोणी केला?

आपल्या तालुक्याकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर उभे राहते. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच हाच एके काळी मुंबईचा जवळचा मार्ग होता, आणि तोही भरती-ओहोटीच्या मर्जीवर. मिठागरे, भातखाचरे, करंजा-मोऱ्याची मासेमारी यांवर येथील संसार चालत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवे शहर उभारण्याचे काम तिच्याकडे आले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. त्याच महिन्यात, १२ जानेवारी रोजी, शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरांचा सागरी सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी तेथून प्रवासी विमाने उडू लागली.

यांपैकी एकही गोष्ट कोणा भूखंडधारकाने केलेली नाही. सेतूसाठी १७ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. त्यासाठी जपानकडून घेतलेले कर्ज सार्वजनिक तिजोरीतून फेडले जाईल. म्हणजे काडेपेटी विकत घेणाऱ्या विदर्भातील मजुराचाही त्यात अंश आहे. सेतू झाला आणि त्याच्या टोकाशी असलेल्या जमिनीचा भाव वाढला. मालक रात्री झोपला आणि सकाळी अधिक श्रीमंत होऊन उठला. त्याने घाम गाळला नाही, जोखीम घेतली नाही. आणखी एक विसंगती पाहावी. या सेतूवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. ज्याच्याकडे केवळ स्कूटर आहे, त्याला तो सेतू वापरता येत नाही. पण सेतूमुळे त्याच्या खोलीचे भाडे वाढले, तर ते त्याला भरावेच लागते. ज्या वाटेने तो कधी जाणार नाही, तिचे मोल तो दर महिन्यास घरमालकाला देतो.

जागेच्या मोलाला गती देणारी दुसरी शक्ती म्हणजे कर्ज. आपल्या आजोबांच्या पिढीत घर म्हणजे आयुष्यभराच्या बचतीचे फळ असे. १९७७ साली एच. टी. पारेख यांनी एचडीएफसी ही संस्था स्थापन केली आणि मध्यमवर्गीय माणसाला तरुण वयातच घरासाठी कर्ज मिळण्याचा मार्ग रुंद झाला. ही मोठीच सोय होती आणि तिच्यामुळे असंख्य कुटुंबे स्वतःच्या छपराखाली आली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु या सोयीला दुसरी बाजू आहे. महिना २५ हजार रुपयांचा हप्ता वीस वर्षे भरण्याची ज्याची ऐपत आहे, त्याला शेकडा १२ व्याजदराने सुमारे २२ लाख ७० हजारांचे कर्ज मिळू शकते. व्याजदर ८ वर आला, तर त्याच हप्त्यात सुमारे २९ लाख ९० हजार मिळतात. त्याचा पगार वाढलेला नसतो, पण हातातील रक्कम सात लाखांनी वाढते. ही वाढ त्याच्या एकट्याच्या हातात आली असती, तर त्याला मोठे घर मिळाले असते. ती सर्वांच्याच हातात येते आणि जागा तेवढीच राहते. मग सगळे मिळून त्याच जागेसाठी अधिक बोली लावतात. कर्ज स्वस्त झाले म्हणजे घर स्वस्त होते, हा आपला समज म्हणूनच अर्धवट आहे. पुष्कळदा हप्ता तोच राहतो आणि केवळ किंमत चढते.

तिसरी शक्ती अधिक सूक्ष्म आहे. तिचे नाव आशा. 'जमीन कधी फसवत नाही,' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईत व आसपास घराच्या किमतीच्या मानाने मिळणारे भाडे फारच थोडे असते. तेवढीच रक्कम बँकेत मुदतीने ठेवली तर बहुधा अधिक व्याज येईल. तरीही लोक दुसरे, तिसरे घर घेतात. ते भाड्यासाठी घेत नाहीत. उद्या किंमत वाढेल या भरवशावर घेतात. असे घेणारे पुष्कळ झाले की त्यांच्याच घेण्याने किंमत वाढते आणि त्यांचा भरवसा खरा ठरतो. काळ्या पैशालाही हा आसरा सोयीचा पडतो. घर हे वास्तव्याचे स्थान न राहता एक तिजोरी बनते, आणि तिजोरीत कोणी राहत नसते.

ही अतिशयोक्ती नव्हे. भारताच्या शहरांत २०१२ साली सुमारे १ कोटी ८८ लाख घरांचा तुटवडा असल्याचा अंदाज सरकारच्या तज्ज्ञगटाने केला होता. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या जनगणनेत शहरांतील सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती, आणि रिकाम्या घरांच्या संख्येत महाराष्ट्र अग्रभागी होता. एका बाजूस डोक्यावर छप्पर नाही, दुसऱ्या बाजूस छपराखाली डोके नाही. यातील काही घरे भाडेकरू जागा सोडणार नाही या भीतीने बंद असतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली गोठलेली भाडी ज्यांनी पाहिली, त्यांना ही भीती अकारण वाटणार नाही. पण अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत रूढ होऊनही कुलपे निघालेली नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

चौथी शक्ती म्हणजे शासन. कोठे किती उंच बांधता येईल, कोणती जमीन बिनशेती होईल, परवानगीस किती महिने लागतील, हे सारे शासन ठरवते. घरे पुरेशी बांधू दिली, तर किमती आपोआप आटोक्यात येतील असे काही विचारवंत म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परवानग्यांच्या दिरंगाईचे व्याजही शेवटी ग्राहकच भरतो. परंतु केवळ पुष्कळ बांधले म्हणून गरजवंताला मिळेलच असे नाही. बंद असलेली लाखो घरे हेच तर सांगतात.

शिवाय येथे एक पेच आहे. नवी मुंबई उभारताना भूमी हेच भांडवल मानले गेले. शेतकऱ्यांकडून घेतलेली जमीन विकसित करून विकावयाची आणि त्या पैशातून रस्ते, पूल, स्थानके, पाणी उभे करावयाचे, अशी ती योजना होती. तिच्यातून चांगली कामे झाली, हे नाकारता येत नाही. मात्र भूखंड सर्वाधिक बोली लावणाऱ्यास दिला, की तीच बोली शेजारच्या शंभर भूखंडांचा भाव ठरवते. घरे स्वस्त व्हावीत अशी इच्छा बाळगणारे शासन जमिनीच्या महागाईवर पोसले जाऊ लागते. २०२४ च्या ऑक्टोबरात सिडकोने २६ हजार घरांची योजना जाहीर केली. किमती प्रसिद्ध झाल्यावर, ज्यांच्यासाठी ही घरे आहेत त्यांनाच ती परवडत नाहीत, अशी तक्रार उठली.

परदेशांतील दोन शहरांकडे पाहण्यासारखे आहे. हाँगकाँगमध्ये जवळजवळ सारी भूमी सरकारच्या मालकीची आहे. ती लिलावाने भाडेपट्ट्यावर देऊन सरकार उत्पन्न मिळवते, आणि तेथील घरे जगातील सर्वांत महाग घरांत गणली जातात. सिंगापूरमध्येही बहुतेक भूमी सरकारचीच. पण तेथे १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन करून त्या भूमीवर लोकांसाठी घरे बांधण्यात आली, आणि दर दहा रहिवाशांपैकी सुमारे आठ जण अशा घरांत राहतात. तेथेही किमतीच्या तक्रारी आहेतच. तरी भूमी कोणाच्या मालकीची एवढेच पाहून भागत नाही, ती कशासाठी वापरली जाते हे पाहावे लागते, हा बोध या दोन उदाहरणांतून घेता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाढलेल्या किमतीचा धनी कोण?

हा प्रश्न उरणच्या मातीला नवा नाही. किंबहुना त्यासाठी येथे रक्त सांडले आहे. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. आमची जमीन घेऊन जे शहर उभे राहील, त्याच्या समृद्धीत आमचा वाटा का नाही, हा त्या लढ्याचा गाभा होता. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी ज्यांची गावे गेली, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. जमिनीची किंमत संपादनाच्या दिवशी गोठत नाही आणि तिच्या वाढीवर ज्यांनी त्याग केला त्यांचाही हक्क आहे, हे तत्त्व या योजनेने मान्य केले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात हे पाऊल मोलाचे आहे.

पण हेच तत्त्व शेवटपर्यंत नेले, तर ते आपल्यालाही अडचणीत टाकते. ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याला भूखंड मिळाला. ज्याने त्याच मिठागरावर दुसऱ्यासाठी मीठ ओढले, त्याला काय मिळाले? कोळ्याची शेती समुद्रात होती आणि समुद्राला सातबारा नसतो. भराव आणि बंदर यांमुळे मासळीच्या जागा गेल्या, त्याचे मोजमाप कोणी केले? भूखंड मिळालेल्यांपैकीही अनेकांनी लग्न, आजारपण, कर्ज यांपायी तो हाती येण्याआधीच अल्प किमतीत देऊन टाकला. वाढीचा मोठा हिस्सा ज्यांना थांबणे परवडत होते, त्यांच्याकडे गेला. आणि गावठाणांत वाढलेल्या कुटुंबांनी गरजेपोटी जी घरे बांधली, ती वर्षानुवर्षे अनधिकृत ठरली. ती नियमित करण्याचे निर्णय शासनाला वारंवार काढावे लागले. लाखांच्या घरांच्या शेजारी ही घरे उभी आहेत. त्यांना भिंती आहेत, माणसे आहेत, फक्त कागद नाही.

भूमीच्या वाढीवर हक्क कोणाचा, हा वाद ख्रिस्तसभेच्या दारातही एकदा उभा राहिला होता. अमेरिकन विचारवंत हेन्री जॉर्ज याने १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. समाजाच्या वाढीमुळे जमिनीला येणारे मोल कररूपाने समाजाकडे परत यावे, असे त्याचे मत. न्यूयॉर्कचे धर्मगुरू फादर एडवर्ड मॅक्ग्लिन यांनी त्याचा पक्ष घेतला. त्या वादात ते आज्ञाभंगाच्या कारणावरून १८८७ साली बहिष्कृत झाले आणि १८९२ साली त्यांना पुन्हा सभेत घेण्यात आले. मध्यंतरी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांचे 'रेरूम नोव्हारुम' हे परिपत्रक आले. त्यात खाजगी मालकीच्या हक्काचे समर्थन होते. जमिनीत जो घाम गाळतो, त्याचा ठसा तिच्यावर उमटतो, असा त्यामागील विचार. जॉर्ज याने पोप महाशयांना खुले पत्र लिहून उत्तर दिले.

शंभराहून अधिक वर्षांनंतर या वादाकडे शांतपणे पाहता असे वाटते, की दोहोंत एक समान धागा होता. घामाचे फळ घाम गाळणाऱ्याचे, यावर दोघांचेही एकमत आहे. शेतकऱ्याने बांधबंदिस्ती करून खारजमीन पिकती केली, ते त्याचेच. पण सेतूने आणलेली वाढ कोणाच्या घामाची? खाजगी मालकीचा हक्क मानूनही हा प्रश्न शिल्लक राहतो. ख्रिस्तसभेची शिकवण पुढे अधिक स्पष्ट झाली. सृष्टीची संपत्ती मूलतः सर्वांसाठी आहे आणि खाजगी मालकी हे त्या हेतूचे साधन आहे, हे पोप पॉल सहावे यांनी १९६७ साली ठामपणे सांगितले. १९८७ हे बेघरांसाठीचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्यानिमित्त व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने जो दस्तऐवज काढला, त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: तुझ्या बेघर भावाचे तू काय केलेस? जुन्या करारातील लेवीय पुस्तकातही याची मुळे सापडतात. तेथे तटबंदीच्या शहरातील घर विकून एक वर्ष लोटले की ते कायमचे जाते, पण गावातील घर शेताप्रमाणे गणले जाते आणि जुबिली वर्षी मूळ कुटुंबाकडे परत येते. घर म्हणजे बाजाराचा माल की कुळाचे मूळ, हा विवेक इतका प्राचीन आहे.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य किमतीचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला. वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याने अधिक किंमत घेणे न्याय्य आहे. परंतु केवळ घेणाऱ्याला तिची फार निकड आहे म्हणून किंमत वाढवणे न्याय्य नाही. कारण ती निकड घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नव्हे. आणि जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही. हा विचार मला घरांच्या बाबतीत फार उपयुक्त वाटतो. त्याच्या प्रकाशात घराच्या किमतीचे तीन भाग दिसतात. पहिला भाग घामाचा आणि खर्चाचा. तो निःसंशय मालकाचा. दुसरा भाग समाजाने निर्माण केलेला, म्हणजे रस्ता, रेल्वे, शाळा, इस्पितळ, चांगला शेजार यांचा. त्यात मालकाचा वाटा आहे, पण तो एकटा धनी नाही. तिसरा भाग घेणाऱ्याच्या अगतिकतेचा. त्याचा धनी कोणीच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रचलित भावाने जमीन विकणे हे पाप आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्या शेतकऱ्याची एकरे सरकारने एके काळी अल्प मोबदल्यात घेतली, त्याला उरलेल्या तुकड्याच्या बाबतीत 'तू मात्र स्वस्तात दे' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याने स्वस्त दिले, तरी मधला दलाल ते महागच विकणार. एकट्याच्या त्यागाने बाजार बदलत नाही. म्हणूनच दुसऱ्या भागाचा न्याय कायद्याने करावा लागतो. ही कल्पना परकी नाही. मुंबई इलाख्यात १९१५ च्या नगररचना कायद्यातच, सार्वजनिक सुधारणेने जमिनीची जी किंमत वाढते तिचा काही हिस्सा सुधार आकार म्हणून घेण्याची तरतूद होती. ती निष्ठेने अमलात आणावी, रिकाम्या ठेवलेल्या भूखंडांवर व घरांवर अधिक कर असावा, आणि त्या पैशातून भाड्याची साधी घरे बांधली जावीत. सार्वजनिक जमिनीचा एक ठरावीक भाग बोलीपासून दूर ठेवावा. एवढी मागणी करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसऱ्या भागाचा न्याय मात्र कायदा करू शकत नाही. तो आपल्या उंबरठ्यावरच व्हावयाचा असतो. ज्याची दुसरी खोली कुलूपबंद आहे, त्याने ती एखाद्या नवविवाहित जोडप्यास बेताच्या भाड्याने द्यावी. जात, धर्म, भाषा विचारून भाडेकरूला दारातून परत पाठवू नये. अकरा महिने संपताच, तो दुसरीकडे जाऊ शकत नाही एवढ्याच कारणासाठी भाडे चढवू नये. आणि घरातील लेकींचा विसर पडू देऊ नये. जमीन स्वस्त होती तेव्हा बहिणीच्या वाट्याची आठवण कोणाला नव्हती. भाव वाढताच मात्र तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि भाऊ-बहिणीचे नाते कोर्टाची पायरी चढते. जी किंमत वाढल्याचा आनंद आपण साजरा करतो, तिने किती घरे आतून मोडली, याचा हिशेब कोणत्याही दरतक्त्यात सापडत नाही. हीच कसोटी आपल्या धार्मिक संस्थांनाही लावली पाहिजे. पूर्वजांनी श्रद्धेने दिलेली भूमी संस्थेकडे आहे, तेव्हा तिच्या प्रत्येक व्यवहारात गरीब कुटुंबाच्या घराचा विचार आधी झाला का, हे विचारण्याचा हक्क भाविकांना आहे आणि उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. लोक तिला आताच तिसरी मुंबई म्हणू लागले आहेत. चिरनेरसारखी गावे, जेथे १९३० साली जंगल सत्याग्रहात माणसांनी प्राण दिले, आता नकाशावर नव्या शहराच्या नावात गुंफली गेली आहेत. भाव वाढणारच. तो वाढू नये अशी प्रार्थना करणे व्यर्थ आहे, कारण जेथे माणसे एकत्र येऊन काही उभारतात, तेथे भूमीचे मोल वाढते. ते मोल म्हणजे आपण सर्वांनी मिळून लावलेल्या झाडाचे फळ आहे. ते कोणाच्या अंगणात पडले, एवढ्यावरून त्याची वाटणी व्हावी की नाही, याचा निर्णय या वेळी शहर उभे राहण्यापूर्वी करता येईल. ग्रामसभेत, धर्मग्रामाच्या सभेत आणि आपल्या जेवणाच्या पाटावर हा प्रश्न आताच विचारला गेला पाहिजे. तारीख ठरवण्यासाठी थांबलेली ती जोडपी अजून 'जागेचं बघत' आहेत, आणि त्यांची जागा आपण किती ठेवली आहे, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.